नाव लागणार नाही

सोमवार, ६ जानेवारी

शेवटी तो विषय माझ्याच गळ्यात पडला. 'संगणन, नीती आणि सामाजिक जबाबदारी'. शेवटचं वर्ष, आठवड्याला दोन तास, एकसष्ट विद्यार्थी. तीन वर्षांत चार जणांनी शिकवून झाला. एक परदेशी गेला, एक आजारी पडला, उरलेल्या दोघांनी "माझं संशोधन ऐन रंगात आलंय" असं सांगून अंग काढून घेतलं. माझं संशोधन रंगात नाही हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा सापडणार कोण?

"सर, तुमच्याइतका अनुभव कोणाकडे आहे?" असं प्रमुखबाई म्हणाल्या. बाई माझीच विद्यार्थिनी. सतरा वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसून पट्टीने समास आखायची. आता विभागप्रमुख. चारचौघांत मी तिला 'मॅडम' म्हणतो, खोलीत दुसरं कोणी नसलं की तोंडातून 'तू' निघून जातं. आणि अनुभव म्हणजे काय, तर सव्वीस वर्षं डेटाबेस शिकवतोय. तक्ते, ओळी, रकाने. नीतीचा नि माझा संबंध एवढाच की अजून कधी पकडलो गेलो नाही.

नियम असा की हा विषय शिकवणाऱ्याने दर आठवड्याला एक 'चिंतन-नोंद' लिहून फाइलला लावायची. ती लिहीनच. "विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्साहवर्धक होता" असली वाक्यं मला झोपेतही सुचतात. ही डायरी मात्र माझी, नुसती कुरकुर करायला. बायकोसमोर कुरकुर केली की ही हातात वाळलेले कपडे देते आणि घड्या घालायला लावते.

निवृत्तीला चौदा महिने राहिले. त्यापुढे दोन वर्षं मानद प्राध्यापक म्हणून ठेवतात, प्रमुखांनी शिफारस केली तर. मला ते हवंय, उगाच नाही कशाला म्हणू? आमचे साडू निवृत्त झाल्यापासून दिवसातून तीनदा फोन करतात आणि "काय चाललंय?" म्हणून विचारतात. माझं तसं व्हायला नको. म्हणून विषय घेतला, हसून घेतला.

बुधवार, १५ जानेवारी

वारशात एकशे चौदा स्लाइड्स मिळाल्या. तिसरीवर तराजूचं चित्र आहे. एकविसावीवरही तोच तराजू आहे, फक्त निळा. तासभर वाचून दाखवलं. मुलं बिचारी सभ्य, बाकाखाली मोबाइल धरतात आणि मधून मधून मान हलवतात.

एकच मुलगी ऐकत होती. खिडकीशी बसते, केस बारीक कापलेले. वर्ग तिला 'वकील' म्हणतो. का, ते पाच मिनिटांत कळलं. "सर, इथे लिहिलंय की वापरणाऱ्याची संमती घ्यावी. आपल्या कॉलेजचं ॲप माझं लोकेशन घेतं. मला कधी विचारलं?" सगळे हसले. मी म्हणालो, चांगला प्रश्न आहे. शिक्षक 'चांगला प्रश्न आहे' म्हणाला की समजावं, उत्तर नाही. तिनेही ते समजून घेतलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पाठ दुखतेय. त्या खोलीतला फळा फार खाली लावलाय.

बुधवार, २९ जानेवारी

पहिल्या लेखी कामाचे एकसष्ट कागद आले. त्रेचाळीस जणांनी सुरुवात "आजच्या डिजिटल युगात" अशी केली आहे. सगळ्यांनी खासगीपणाचा आदर करावा, सगळ्यांनी पक्षपात टाळावा, सगळ्यांनी समाजाचं भलं करावं. वाचता वाचता इतका वीट आला की उठून दोनदा तोंड धुतलं. यांनी कुठून तरी उतरवलंय हे मला कळतं, मला कळतं हे त्यांना कळतं, आणि तरी मी दहापैकी आठ देणार आणि ते आठ घेणार. याला आम्ही नीतीचा तास म्हणतो.

हिला वाचून दाखवलं. ही तीस वर्षं दवाखान्यात नर्स होती, हिला माणसं टाळाटाळ करतात ती लगेच कळते. म्हणाली, "तुम्ही त्यांना समाजाचं विचारता, मग ते समाजाचंच लिहिणार. त्यांचं स्वतःचं विचारा की."

बोलायला काय जातं! पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज मी स्लाइड्स लावल्याच नाहीत. प्रोजेक्टर बंद आहे हे पाहूनच निम्म्या माना वर आल्या.

म्हणालो, मोबाइल काढा. पहिल्यांदाच कोणीतरी मोबाइल काढा म्हणतंय म्हणून हशा पिकला. विभागाच्या प्रणालीवर मी एक फॉर्म करून ठेवला होता, त्यात एकच प्रश्न: 'संगणकावर केलेली अशी एक गोष्ट, जी तुम्ही कोणालाही सांगितलेली नाही.' शेवटच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "सर, मग तुम्हाला तरी का सांगायची?" रास्त होतं. तेव्हा मी टेबलाच्या पुढे येऊन म्हणालो ते शब्द इथे लिहून ठेवतो, कारण इतकं सरळ मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो: "नाव लागणार नाही. कोणी लिहिलं ते मलाही कळणार नाही. हा माझा शब्द."

मग वीस मिनिटं सगळे मोबाइलवर टाइप करत होते. वकील बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. नंतर तिने एका दमात लिहिलं आणि फोन उलटा ठेवला. घरी येताना मी चक्क शीळ घालत आलो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एकसष्ट कबुल्या. सकाळी चहा गार होईपर्यंत वाचत बसलो.

शेजाऱ्यांचं वायफाय वापरलं. मोठ्या भावाचा पासवर्ड पाहिला. शेजाऱ्यांचं वायफाय वापरलं. परीक्षेत मित्राला उत्तर पाठवलं. परत शेजाऱ्यांचं वायफाय. एवढे शेजारी कुठून आले देव जाणे, पण मला भरून आलं. ही पोरं घाबरत का होईना, बोलली. माणूस दार उघडतो, फक्त कोणीतरी नीट वाजवावं लागतं.

अडतीस क्रमांकाची कबुली वेगळी आहे. "अंतर्गत गुण बघतो त्या पानाच्या पत्त्यात शेवटी माझा रोल नंबर दिसतो. तो बदलला की दुसऱ्याचे गुण दिसतात. मागच्या सत्रात मी सर्व्हर विभागाला मेल केली. उत्तर आलं नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी माझ्या पुढचा नंबर टाकून बघते, दुरुस्त झालं का. अजून झालेलं नाही. मी काही बदललं नाही, पण तिचे गुण मी चार वेळा पाहिले, आणि तिला हे माहीत नाही. हे चूक आहे का, ते मला कळत नाही."

यालाच तर म्हणतात नीतीचा प्रश्न! एकशे चौदा स्लाइड्समध्ये असं एक वाक्य नाही. कोणी लिहिलं असेल याचा विचार मी केला नाही. शब्द म्हणजे शब्द.

चिंतन-नोंदीत लिहिलं: "विद्यार्थी मोकळेपणाने व्यक्त झाले."

बुधवार, १२ फेब्रुवारी

मूल्यांकन समिती मार्चमध्ये येणार म्हणून विभागात नुसती पळापळ. प्रत्येक विषयाची फाइल, प्रत्येक फाइलला पुरावे. प्रमुखबाईंचा निरोप आला, तुमच्या त्या कबुल्यांच्या उपक्रमाची शीट पाठवा, फार नावीन्यपूर्ण वाटतोय.

फॉर्मची शीट उतरवून घेतली. कागदावर बसेना. वेळ, लॉगिन आणि आणखी कसले कसले रकाने उजवीकडे लोंबत होते. ते न वाचता लपवून टाकले, तेव्हा कुठे एका पानाच्या रुंदीत मावलं. छान दिसत होतं. पाठवून दिलं आणि पाठीला शेक घेत पडलो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रमुखबाईंनी खोलीत बोलावून दार लावलं. दार लावलं म्हणजे एकतर कोणाची बदली असते नाहीतर कोणी रडणार असतं.

पडद्यावर माझी शीट होती. अडतिसावी ओळ पिवळी केलेली. "सर, हे खरं आहे. मी स्वतः करून बघितलं. माझ्या लॉगिनवरून कोणाचेही गुण दिसतात." मी म्हटलं, मग सर्व्हरवाल्याला सांग, दुरुस्त करेल. ती म्हणाली, "ते करतोय तो. पण हिचं काय?"

"हिचं म्हणजे?"

तिने माउसने दोन रकान्यांच्या मधली रेघ धरली, बाजूला ओढली आणि लपलेला रकाना उघडला. एकसष्ट ओळी, एकसष्ट लॉगिन. अडतिसाव्या ओळीत वकिलीणबाईचं नाव आणि रोल नंबर.

"सर, कॉलम लपवला होता, काढला नव्हता," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, चुकलेल्या मुलाला सांगतात तसं. हा धडा तिला मीच दिला होता, सतरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या सत्रात. न दिसणं वेगळं आणि नसणं वेगळं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

मी म्हणालो, हे विसरून जा. ती म्हणाली, आता समिती दारात आहे. चौकशी झाली नाही तर उद्या कोणी विचारेल की तुम्हाला माहीत होतं, मग काय केलंत? "कोणी घुसलं म्हटलं तर दोष घुसणाऱ्याचा. दार उघडंच होतं म्हटलं तर दोष आपला, सर." हे ऐकून मी मान डोलावली. तिचीही अडचण आहे, हे मला कळतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसायची थांबली नाही.

म्हणाली, "वॉर्डात पेशंट विचारायचे, सिस्टर, कोणाला सांगणार नाही ना? मी म्हणायचे, डॉक्टरांना सांगावं लागेल. आता बोलायचं तर बोला. आधी हे सांगायचं आणि मग ऐकायचं. तुम्ही आधी बघायला नको होतं का, की नाव खरंच लागत नाही?"

मी म्हटलं, अगं, मी डेटाबेसचा माणूस आहे, मला माहीत होतं तसं. ती म्हणाली, "मग?" कपड्यांच्या घड्या घातल्या, न सांगता.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

चौकशी समितीची नोटीस वकिलीणबाईला मिळाली. प्रयोगशाळेबाहेरच्या जिन्यात गाठून तिने मला विचारलं, "सर, माझं नाव त्यांना कसं कळलं?"

मी सांगितलं. रकाना, शीट, सगळं. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडून चुकून झालं."

"चुकून झालं गं. शपथ."

"मग ठीक आहे. समितीला तेवढंच सांगा सर. की तुम्ही म्हणाला होतात नाव लागणार नाही, म्हणून मी लिहिलं. आणि मी मेल पण केली होती, माझ्याकडे आहे ती." मग म्हणाली, "तुम्हाला एक माहीत नसेल. त्या दिवशी ग्रुपवर यादी फिरत होती. काय काय लिहायचं त्याची. वायफाय, पासवर्ड, असलं. कोणी खरं लिहू नका, नाव लागतंच, असं सगळे म्हणत होते. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, सर असं बोलून फिरवणार नाहीत."

म्हणजे ते सगळे शेजारी खोटे! साठ कबुल्या वाचून मला भरून आलं होतं. म्हातारा झालो, दुसरं काय.

नोकरी ऑगस्टमध्ये सुरू व्हायची आहे तिची. पदवी हातात असली तर. आई शिलाई मशीनवर काम करते, घरात दोघीच. जाताना तिने परत विचारलं, "सांगाल ना सर?" मी म्हणालो, हो हो, बघतो ना मी. काळजी करू नकोस.

मंगळवार, ४ मार्च

चौकशी समिती झाली. कुलसचिव, परीक्षा विभागाचे एक गृहस्थ आणि प्रमुखबाई.

आत जाण्याआधी प्रमुखबाई बाहेर पॅसेजमध्ये आल्या होत्या. सहज बोलावं तसं म्हणाल्या, "सर, निनावी असं तुम्ही लेखी कुठे दिलंय का? फॉर्मवर नाही, नोंदीत नाही. मग ते आठवायची तुमच्यावर सक्ती नाही." पुढे म्हणाल्या, "तुमची मानदची शिफारस याच आठवड्यात पाठवायची आहे, आठवण करा मला." दोन वेगळ्या गोष्टी होत्या त्या. मी उगाच एकत्र जोडत बसत नाही.

आत सर्व्हरवाल्याने सांगितलं की तशी मेल आली नाही. वकिलीणबाईने मेलची प्रत दाखवली. तो म्हणाला, हा पत्ता जुना, आता तो कोणी बघत नाही. संकेतस्थळावर अजून तोच आहे, हे त्याने सांगितलं नाही. मीही नाही, कारण मला ते विचारलं नव्हतं.

मला एकच विचारलं. "विद्यार्थिनी म्हणते, तुम्ही निनावीपणाचं आश्वासन दिलं होतं. दिलं होतं का?"

मी म्हणालो, "मी त्यांना मोकळेपणाने लिहा म्हणालो होतो. नेमके शब्द आता आठवत नाहीत."

यात खोटं असं काय आहे? सव्वीस वर्षं दिवसाला तीन तास बोलतो माणूस, शब्द न् शब्द थोडाच आठवतो. शिवाय मी तिच्याविरुद्ध काही बोललो नाही. उलट म्हणालो की मुलगी हुशार आहे, समितीने सहानुभूतीने विचार करावा. हे मी दोनदा म्हणालो. ती माझ्याकडे बघत होती. मी पाण्याच्या ग्लासकडे बघत होतो.

घरी हिने विचारलं, सांगितलंत ना सगळं? म्हटलं, सांगितलं. जेवलो नाही, पित्त झालंय.

बुधवार, ५ मार्च

तासाला वकील आली नाही. एकशे चौदा स्लाइड्स परत लावल्या. निळ्या तराजूपर्यंत पोचलो.

बुधवार, १२ मार्च

आज आली. खिडकीशी न बसता दाराजवळ बसली. काही विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, शांतपणे घेतलंय तिने.

गुरुवार, २० मार्च

मूल्यांकन समिती येऊन गेली. दुपारी सभागृहात त्यांच्या अध्यक्षांनी नाव घेऊन माझं कौतुक केलं. 'कबुल्यांचा तास' हा उपक्रम इतर विभागांनीही राबवावा म्हणे. टाळ्या वाजल्या. मी उभा राहून वाकलो.

सर्व्हरवाल्याने ते पान दुरुस्त केलं त्याला किती वेळ लागला, हे त्यानेच चहाच्या वेळी सांगितलं. वीस मिनिटं. त्याला अभिनंदनाचं पत्र मिळालंय.

संध्याकाळी चौकशीच्या निर्णयाची प्रत घरी आली, संबंधित शिक्षक म्हणून मलाही. पदवी एक वर्ष रोखली. "इतर विद्यार्थिनीची माहिती जाणूनबुजून व वारंवार पाहिली. निनावीपणाचे आश्वासन मिळाल्याचा विद्यार्थिनीचा दावा शिक्षकांच्या जबाबावरून सिद्ध होत नाही."

पाकीट हिने उघडलं होतं. चष्मा लावून तिने पूर्ण वाचलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हे चुकीचं छापलंय का हो?"

मी म्हणालो, "नाही."

तिने कागद घडी करून टेबलावर ठेवला आणि जेवण वाढायला गेली. पस्तीस वर्षांच्या संसारात ही माझ्याशी शंभरदा भांडली असेल, रागावली असेल, माहेरी निघून गेली असेल. पण अशी कधी वाढायला गेली नव्हती.

शनिवार, २२ मार्च

काल आणि आज ही डायरी पहिल्यापासून वाचली. पाच फेब्रुवारीचं पान उघडं आहे समोर. माझंच अक्षर, माझेच शब्द, अवतरणचिन्हांत. चार मार्चला ही वही टेबलाच्या खणात होती, आणि ती नसती तरी आठवत होतं मला. तिथे खुर्चीत बसलेलो असताना आठवत होतं, शब्द न् शब्द. मी टेबलाच्या पुढे आलो होतो तेही.

लाज वाटते. हे लिहायला इतके दिवस लागले.

सोमवार, २४ मार्च

कुलसचिवांना पत्र दिलं, हाताने लिहून, पोच घेऊन. "मी आश्वासन दिले होते. शब्द असे होते. समितीपुढे मी ते नाकारले, ते असत्य होते. विद्यार्थिनीचे नाव माझ्या निष्काळजीपणामुळे उघड झाले. सर्व्हर विभागाचा तोच जुना पत्ता आजही संकेतस्थळावर आहे."

पत्राची प्रत प्रमुखबाईंना द्यायला गेलो. वाचून त्यांनी डोकं धरलं. "सर, आता काय उपयोग? तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. आणि माझ्याही." म्हटलं, तुझ्या पायावर पडला तर त्याला माझा इलाज नाही. ती म्हणाली, "शिफारस आता मी पाठवू शकत नाही, कळतंय ना तुम्हाला?"

कळतंय म्हणालो. तिला राग नव्हता, थकली होती. मी शिकवलेलं ती सगळं नीट शिकलीय, तिच्यात दोष काढायला जागा नाही.

सोमवार, ३१ मार्च

चौकशी समिती पुन्हा बसली. कुलसचिवांनी विचारलं, "याचा अर्थ पहिल्या वेळी तुम्ही समितीसमोर खोटं बोललात?" हो म्हणालो. "का?" परीक्षावाल्या गृहस्थांना वाटलं मी काही तात्त्विक कारण सांगेन, त्यांनी पेन उचललं. मी म्हणालो, घाबरलो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

एका वर्षाची शिक्षा एका सत्रावर आली. तिला जुलैऐवजी जानेवारीत पदवी मिळेल. मला लेखी ताकीद. बरं झालं असं वाटून मी बाहेर आलो आणि मग हिशोब लक्षात आला. नोकरी ऑगस्टची आहे. तिची नोकरी गेलीच.

बुधवार, २ एप्रिल

तास सुरू व्हायच्या आधी वकील टेबलापाशी आली. मी हळूच म्हणालो, "पत्र दिलं मी. आधीच द्यायला हवं होतं. माझं चुकलं." ती म्हणाली, "पत्र कुलसचिवांच्या फाइलमध्ये आहे सर. हे साठ जण मला महिनाभर हसतायत."

मग मी वर्गाला सांगितलं. प्रोजेक्टर न लावता, उभं राहून. की मी शब्द दिला होता. की नावं लागत होती आणि मी तपासलं नव्हतं. की माझ्या हातून हिचं नाव बाहेर गेलं, आणि समितीने विचारलं तेव्हा मी आठवत नाही म्हणालो. आठवत होतं. ही खरं बोलत होती, पहिल्यापासून. कोणी मोबाइल काढला नाही. मागून एकाने हात वर केला. "सर, मग आमची पण नावं तुमच्याकडे आहेत?" मी म्हणालो, आहेत. माझ्याकडची प्रत आज पुसतो. बाकी कुठे कुठे आहेत, मला सांगता येणार नाही. तो हळूहळू खाली बसला. खोटं लिहिलेलं असूनही चेहरा उतरला होता त्याचा.

तास संपला, वर्ग रिकामा झाला. वकील दाराशी थांबली होती. मी म्हणालो, "अजून काही करता आलं तर सांग."

ती म्हणाली, "आई रोज विचारते. तुझे सर तुझ्या बाजूने का बोलले नाहीत, काय केलं होतंस तू असं? तिला वाटतं मीच काहीतरी लपवतेय. मी तिला सांगितलं, सरांचं वय झालंय, विसरले असतील."

मी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"हे मी तिला आता परत नाही समजावू शकत, सर," ती म्हणाली. तिने फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

तिकडे मशीन चालू होती. ती थांबली. "हं, बोल गं," असा आवाज आला. मी म्हणालो, ती नाही, मी तिचा शिक्षक बोलतोय. तिकडून लगबगीने, "हां हां, नमस्कार सर, बोला ना, बोला," आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. माझ्यासाठी बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

मी म्हणालो, "बसा ताई. मी विसरलो नव्हतो."